सोफामावशी

पक्षाचा कार्यक्रम नगरच्या मंगल कार्यालयात असो, जामखेडला असो की खर्ड्याच्या बाजारतळावर असो, पुढच्या रांगेत पांढरी कव्हरं घातलेले सोफे मांडून झाले की त्यातल्या एका सोफ्यावर मावशी आधीच बसलेल्या असायच्या. मांडववाल्याची माणसं अजून पंखे बांधत असायची, माईकवाला 'हॅलो, हॅलो' करत असायचा, आणि मान्यवरांसाठी राखून ठेवलेल्या सोफ्याच्या टोकाला, चपला नीट बाजूला काढून, डोक्यावर पदर घेतलेली एक काटक, उन्हानं रापलेली बाई मांडी घालून बसलेली दिसायची. मांडी घालूनच. सोफ्यावर पाय खाली सोडून बसणं त्यांना जमायचं नाही. "पाय लोंबकळाय लागले की मला टेम्पोच्या फाळक्यावर बसल्यावानी वाटतं," त्या म्हणायच्या.

थोड्या वेळानं छातीला बिल्ला लावलेला एखादा स्वयंसेवक यायचा. "मावशी, जरा मागं बसता का? ही पाहुण्यांची जागा आहे."

"पाव्हनं कोन?"

"आमदार येणार आहेत. दादासाहेब येणार आहेत."

"आन् मी कोन?"

"तुम्ही आपल्या घरच्याच ना, मावशी."

"मग घरच्यानी पुढं बसून पाव्हन्याचं बघायचं, का मागं जाऊन लपायचं? जा, पानी सांग त्यांच्यासाठी."

तो बिचारा खरंच पाणी सांगायला जायचा. आमदार आले की मावशी इंचभर सरकायच्या आणि सोफ्यावर हात आपटून म्हणायच्या, "बसा की सायेब, लई जागा हाय." पुढचे दोन तास आमदार आणि मावशी शेजारीशेजारी. फोटोग्राफरची पंचाईत व्हायची, कारण कुठल्याही बाजूनं फोटो काढला तरी त्यात मावशींची मांडी यायचीच.

सोफामावशी हे नाव त्यांना आमच्या सरचिटणीसांनी ठेवलं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. "आली का आपली सोफामावशी?" असं ते आतल्या खोलीत बसून विचारायचे आणि तिथले चारपाच जण हसायचे. हे नाव मावशींच्या कानावर गेल्यावर त्या चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी ते सरळ घेऊनच टाकलं. तहसीलदारांपुढं उभ्या राहून त्या सांगायच्या, "मी सोफामावशी. खर्ड्याच्या पल्याडची." तहसीलदारांना काही कळायचं नाही, पण नाव मात्र कायमचं लक्षात राहायचं.

मी त्या वेळी सावेडीतल्या जिल्हा कार्यालयात प्रसिद्धीचं काम बघायचो. बातम्या लिहायच्या, फोटो पाठवायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा तयार करायच्या, मोबाईलवर टाकायच्या. पगारी माणूस. मी कार्यकर्ताही नव्हतो आणि नेताही नव्हतो, त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्यासमोर मोकळेपणानं बोलायचे. मावशी मला 'पेपरवाले' म्हणायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, की सगळ्या बायका मागं बसतात, तिथं वाराही चांगला येतो, मग तुम्हाला पुढंच का बसायचं असतं? त्या म्हणाल्या, "पेपरवाले, मागं बसलं की नुसता आवाज यितो. आवाज सगळ्यांचा ग्वाड असतो. तोंड दिसाया पायजे. बोलताना मानूस कुनाकडं बघतो, कुनाकडं बघत न्हाई, ते कळाया पायजे."

मावशींचं गाव म्हणजे खर्ड्याच्या पुढं, उतारावरची एक वाडी. दिवाळी झाली की निम्मी वाडी ऊसतोडीला जायची. मावशीही लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर जात होत्या. कोयता, मोळ्या, बैलगाडी, पुढं ट्रॅक्टर, असं सगळं त्यांनी केलं. एका वर्षी फडात त्यांच्या जावेला कळा सुरू झाल्या. मुकादमानं गाडी दिली नाही. तेव्हा मावशी भर उन्हात चालत रस्त्यावर आल्या आणि समोरून येणारी पहिली जीप त्यांनी आडवं उभं राहून थांबवली. ती जीप नेमकी आमच्या पक्षाच्या प्रचाराची निघाली. आत दादासाहेब होते. ते तेव्हा नुसते तालुक्याचे पुढारी होते. त्यांनी जीपमधली माणसं उतरवली, जावेला दवाखान्यात पोचवलं आणि स्वतः बाहेर थांबले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. मावशी पक्षात आल्या त्या तिथून. पक्षाचं धोरण काय, जाहीरनामा काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "ज्यानं जीप रिकामी किली तो पक्ष माझा," एवढंच त्यांचं म्हणणं. पण त्याच्या पुढं त्या एक वाक्य जोडायच्या, आणि ते दादासाहेबांना फार आवडायचं नाही: "आन् ज्या दिशी त्यो जीप रिकामी करायची बंद करंल, त्या दिशी त्याला इचारनार बी मीच."

नंतर त्यांनी ऊसतोड सोडली आणि वाडीवरच राहिल्या. म्हाताऱ्यांची पेन्शन, रेशनचं धान्य, तोडीला गेलेल्या लोकांच्या मागं राहिलेली पोरं, विधवांचे दाखले, सगळं त्या बघायच्या. फोनवर काम सांगणं मात्र त्यांना मंजूर नव्हतं. "फोनवर मानूस व्हय म्हनून मोकळा व्हतो. समोर गेलं की लाजतो," असं म्हणून त्या एसटीनं सरळ जामखेड गाठायच्या, नाहीतर नगर. तीन-चार वाड्यांवर पक्षाचा झेंडा दिसतो तो त्यांच्यामुळं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सभेला माणसं हवी असली की भाऊंचा निरोप आधी मावशींना जायचा.

आमच्या कार्यालयाची रचना सांगायला हवी. भाड्यानं घेतलेला बंगला. बाहेर मोठा हॉल, त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आत एक एसीची खोली, तिला धुरकट काचेचं दार. तालुक्यातून आलेली माणसं हॉलमध्ये बसायची आणि त्या काचेमागं हलणाऱ्या सावल्यांकडं बघत राहायची. आतले आणि बाहेरचे, असे शब्दच पडून गेले होते. मावशी दार वाजवत नसत. सरळ उघडून आत डोकं घालायच्या. "चहा चाललाय व्हय? चालू द्या, चालू द्या," म्हणत आत जाऊन बसायच्या. आतली चर्चा लगेच पावसापाण्यावर यायची.

भाऊंविषयी मात्र मी त्यांच्या तोंडून कधी वाईट ऐकलं नाही. उलट एकदा त्यांनीच मला सांगितलं, "ह्यो भाऊ आन् मी एका भगुन्यात खळ शिजवलीय. मी खळ लावायची, ह्यो पोस्टर चिकटवायचा. सायकल हुती त्याच्याकडं, चेन पडायची सारखी. लई गुनाचं पोरगं हुतं." मग काचेच्या दाराकडं बघून त्या म्हणाल्या, "आत गेला आन् थंड हवेनं जरा आखडला. इतकंच."

मावशींची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की त्यांना तिकीट हवं होतं आणि ते त्या उघड सांगायच्या. आमच्याकडं प्रत्येक इच्छुक 'मला काही नको, पण कार्यकर्त्यांचा आग्रह आहे' असंच बोलतो. मावशी भर बैठकीत उठून म्हणाल्या होत्या, "मला तिकीट पायजे. कुनाचा आग्रेव-बिग्रेव न्हाई, माझाच हाय. तुमाला पायजे असतं, तर मला का नगं?" सगळे हसले होते. दादासाहेबही हसले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की, मावशी." पुढची वेळ आली तेव्हा जागा दुसऱ्याच कोणाला गेली. मावशींनी प्रचार केला, आणि निकालानंतर पुन्हा सोफ्यावर येऊन बसल्या. आता दादासाहेब जिल्हाध्यक्ष झाले होते. या खेपेला आमच्या त्या भागातला जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा मावशी सोडून दुसरं नाव कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वाड्यांवर पोरांनी तर फटाके वाजवले.

मग एक दिवस कार्यालयाच्या हॉलमध्ये पक्षप्रवेशाचा कार्यक्रम झाला. जामखेडकडचे एक मोठे ठेकेदार समोरच्या पक्षातून आमच्याकडं आले. त्यांच्या बरोबर त्यांच्या पत्नीही होत्या. तरुण, शांत, जरा बावरलेल्या. दोघांच्या गळ्यात पक्षाचं उपरणं घातलं, टाळ्या झाल्या, मी फोटो काढले. मावशी नेहमीप्रमाणे पुढं बसलेल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी चहा घेऊन त्यांच्याकडं गेलो तर त्या हळूच म्हणाल्या, "पेपरवाले, तिकीट गेलं माझं."

"असं कसं? अजून काहीच ठरलेलं नाही."

"दादासायेब त्या ठेकेदाराकडं चार येळा बघून हसले. माझ्याकडं एकदा बी बघितलं न्हाई. इतक्या वर्षांत असं कधी झालं न्हाई."

त्यांनी चहा संपवला, कप नीट बाजूला ठेवला आणि एसटी पकडायला निघाल्या. मी दारापर्यंत गेलो. रिक्षात बसताना त्यांनी पदरानं डोळे टिपलेले मी पाहिले. मावशींच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी तेच झालं. उमेदवारी ठेकेदारांच्या पत्नीला जाहीर झाली. जामखेडच्या कार्यकर्त्यांचे फोन सुरू झाले. कोणी राजीनामा देतो म्हणालं, कोणी झेंडे जाळतो म्हणालं. बरेच जण मावशींना अपक्ष उभं करायच्या तयारीला लागले. समोरच्या पक्षानं तर वाडीवर गाडीच पाठवली. उमेदवारी घ्या, आत्ता चला. मावशींनी त्या लोकांना अंगणात बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "मला तिकीट पायजे, खोटं बोलत न्हाई. पर तुमच्या घरात येऊन मी कुनाशी भांडू? माझं भांडान हाय ते माझ्या घरात हाय." गाडी रिकामी परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आत एक टेम्पो बंगल्यापुढं येऊन थांबला. त्यातून वीसपंचवीस बायका आणि काही तरुण उतरले. मावशी पुढं. पोरं घोषणा द्यायला लागली तसं त्यांनी हात वर करून थांबवलं. "वरडू नगा. वरडलं की त्यांला मागच्या दारानं जायाला बरं पडतं." सगळे हॉलमध्ये जाऊन बसले. मावशी आतल्या खोलीत जाऊन बसल्या. भाऊ आले, त्यांनी समजावलं, दुसऱ्या कुठल्या समितीवर घेतो म्हणाले. मावशी जागच्या हलल्या नाहीत. दुपारी दादासाहेब आले. दार उघडं होतं, त्यामुळं हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मावशी, बसून बोलू आपण," दादासाहेब म्हणाले.

"मी कवाची बसलीय. तुमी बसा."

दादासाहेब बसले. म्हणाले, निर्णय वरून आला. मुंबईहून. यात माझा इलाज नाही. मावशींनी विचारलं, "वर म्हंजी किती वर? मला तिथं जाता यील का?" त्यावर दादासाहेब हळू आवाजात म्हणाले, की निवडणूक आता पूर्वीसारखी राहिली नाही, समोरचा पक्ष तगडा आहे, त्याला तोंड देणारं माणूस लागतं.

"माझ्यात काय कमी हाय ते सांगा. मी वाईट वाटून घ्याची न्हाई."

दादासाहेबांनी पुन्हा मुंबईचंच नाव काढलं. मावशी म्हणाल्या, "बरं. तिकीट दिलं न्हाई, ते दिलं न्हाई. आता यवढं करा. हे जे मला सांगितलं, ते खर्ड्याला येऊन सगळ्यांच्या म्होरं सांगा. तुमच्या तोंडानं. भाऊंला धाडू नगा, फोन बी करू नगा. लोकांनी तुमच्या नावानं रात्रंदिस घसा फोडलाय. त्यांला यवढं तरी मिळाया पायजे."

भाऊ तावातावानं म्हणाले, "अजिबात नाही. दादासाहेब, तिथं गेलात तर चपला पडतील." मावशी उठल्या. "पडल्या तर माझ्या अंगावर आधी पडत्याल. मी पुढंच बसती," म्हणाल्या आणि बाहेर येऊन सगळ्यांना टेम्पोत बसवून घेऊन गेल्या.

दादासाहेब जातील असं आतल्या एकालाही वाटत नव्हतं. मलाही नाही. पण दोन दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, गाडीत बस, खर्ड्याला जायचंय. भाऊही आले. बाजारतळावर, किल्ल्याच्या बाजूला, लोक आधीच जमलेले होते. मांडव नव्हता, सोफे नव्हते, कोणी सतरंज्यासुद्धा अंथरल्या नव्हत्या. लोक उभेच होते, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. मावशी पुढं एका दगडावर बसलेल्या. दादासाहेब गाडीतून उतरले तेव्हा मागून दोनचार जणांनी शिव्या दिल्या. दादासाहेबांनी त्या ऐकल्या आणि तसेच चालत पुढं आले.

मी त्यांची शेकडो भाषणं ऐकली आहेत, बरीचशी लिहूनही दिली आहेत. त्या दिवशीचं भाषण मी लिहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "हे तिकीट मावशींचं होतं. ते दुसऱ्याला गेलं. निर्णय वरून आला हे खरं आहे. पण मी वर जाऊन भांडलो नाही, हेही खरं आहे. मला वाटलं, मावशी काय, समजून घेतील. तुम्ही काय, घरचेच. हे माझं चुकलं." एवढं बोलून ते थांबले.

लोक गोंधळले. पुढारी असं बोलला तर काय करायचं, याची कोणालाच सवय नव्हती. तेवढ्यात मागून एक म्हातारे शेतकरी पुढं आले. डोक्याचं मुंडासं सारखं करत त्यांनी विचारलं, "सायेब, जिल्ला परिषदेचं तिकीट वरनं आलं. पंचायत समितीचं कुठनं येतं?"

जिल्हा परिषदेच्या गटाखाली पंचायत समितीच्या जागा असतात, आणि त्यांची उमेदवारी जिल्ह्यातच ठरते, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. खर्ड्याकडच्या जागेवर भाऊंच्या मेहुण्याचं नाव पक्कं होतं. त्याचे फ्लेक्स छापून तयार होते. मी स्वतः तो मजकूर लिहिला होता.

"ते माझ्याकडं आहे," दादासाहेब म्हणाले.

"मग?"

इतकाच प्रश्न. दादासाहेबांनी भाऊंकडं पाहिलं. भाऊ जमिनीकडं बघत होते. मग दादासाहेबांनी मावशींकडं पाहिलं, आणि या वेळी त्यांनी नजर वळवली नाही. "मावशी, पंचायत समिती लढवता का?"

मला वाटलं, मावशी आता काहीतरी मानाचं बोलतील, आढेवेढे घेतील. त्या दगडावरून उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "लढवती की. कवाची म्हनतीय मी." बाजारतळावर जो हशा पिकला आणि ज्या शिट्ट्या वाजल्या, त्यात ती शिव्या देणारी पोरंही होती.

खरी अडचण पुढंच होती. मतदान ऐन तोडणीच्या दिवसांत, आणि मावशींची निम्मी माणसं श्रीगोंद्याकडं, काष्टीच्या आसपासच्या फडांवर कोप्या टाकून राहिलेली. मावशींनी ठरवलं, तिकडं जायचं. त्यांनी ठेकेदारांच्या पत्नीलाच निरोप धाडला, की गाडी काढ, आपण दोघी जाऊ. त्या नव्या उमेदवाराला सगळे ताई म्हणायला लागले होते. मी फोटोसाठी बरोबर होतो. ताई गाडीत अंग चोरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मावशी, तुमची जागा मी घेतली. तुम्ही माझ्याशी बोलाल असं वाटलं नव्हतं."

"तू कुटं घेतलीस, बाई? तुला इचारलं तरी हुतं का कुनी?"

ताईंनी मान हलवली. नाही.

"मग दोगींची गत एकच की. माझा राग हाय तो तुझ्यावर न्हाई. ज्यांच्यावर हाय त्यांला मी सांगून आलीय."

उसाच्या पाचटाच्या त्या कोप्यांमध्ये मावशी गेल्या की घरी आल्यासारख्या वावरायच्या. कुठं चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या, कुठं एखाद्या तान्ह्याला मांडीवर घ्यायच्या. मतांचं नावही काढायच्या नाहीत. एका ठिकाणी सगळ्या बायका जमल्या, तेव्हा त्यांनी ताईंना पुढं केलं. "ही नवी हाय. काय इचारायचं ते हिला इचारा. मला तर तुमी वळखताच." एका बाईनं विचारलं, की आमच्यामागं गावात राहणाऱ्या पोरांच्या जेवणाखाण्याचं, शाळेचं काय करणार? ताईंना नवऱ्यानं पाठ करायला दिलेलं भाषण होतं. त्या सुरू झाल्या, अडखळल्या, थांबल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण मी विचारून येईन आणि तुम्हाला येऊन सांगेन."

परतताना ताईंना रडू येत होतं. आपण सगळं घालवलं असं त्यांना वाटत होतं. मावशींनी त्यांचा हात हातात घेतला. "आज तू पयल्यांदा बोललीस, बाई. त्याच्या आदी तुझा मालक बोलत हुता."

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मावशींच्या अंगणात भाऊ येऊन उभे राहिले. एकटेच, मोटरसायकलवर. मेहुण्याचं तिकीट गेल्यापासून ते घरीच बसून होते. मावशींनी त्यांना वर-खाली बघितलं आणि विचारलं, "न्याहारी किली का?" भाऊ म्हणाले, नाही. मावशींनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली. जेवून झाल्यावर त्यांनी भाऊंना सांगितलं, "वरल्या दोन वाड्या राहिल्यात. तुला लोक अजून वळखत्यात तिथं. जा." आणि भाऊ गेले. एसी खोलीतला तो माणूस शर्टाच्या बाह्या दुमडून उन्हात दारोदार फिरताना मी पाहिला. संध्याकाळी त्याचा आवाज बसला होता, आणि चेहरा मात्र कितीतरी वर्षांनी धुऊन काढल्यासारखा दिसत होता.

मतदानाच्या दिवशी काष्टीकडून माणसं आली. कोणी टेम्पोनं, कोणी एसटीनं, कोणी मुकादमाशी भांडून. मावशी निवडून आल्या. ताईही आल्या, अगदी थोडक्यात, आणि त्या थोडक्यात मावशींच्या वाड्यांचा वाटा मोठा होता. तालुक्याच्या बाकीच्या भागात आम्हाला फार यश मिळालं नाही. पण त्यानंतर दादासाहेबांनी एक पद्धत सुरू केली. उमेदवारी ठरवायच्या आधी तालुक्यात जायचं, लोकांसमोर उभं राहायचं आणि नावं मोकळेपणानं बोलायची. आतल्या काही जणांना ती अजूनही पटत नाही. काही ठिकाणी या बैठका नुसत्या नावाला होतात, काही ठिकाणी खुर्च्या उचलण्यापर्यंत वेळ जाते. पण होतात. परवाच नगरच्या एका जुन्या कार्यकर्त्यानं मला फोनवर सांगितलं, की आमच्या वॉर्डात या वेळी रिक्षा चालवणाऱ्या एकाचं नाव पुढं आलं आणि ते टिकलं.

फोनवर सांगितलं, कारण मी आता नगरला नसतो. बायकोची बदली पुण्याला झाली आणि मी कार्यालयातलं काम सोडलं. निघण्याआधी मावशींना भेटायला वाडीवर गेलो. त्यांना सदस्य होऊन वर्ष होत आलं होतं. अंगणात बाजेवर बसून आम्ही बोलत होतो, तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून पाचसहा जणी आल्या. त्यांच्यात रेखा नावाची एक तरुण मुलगी होती. नर्सिंग शिकलेली, दवाखान्यात नोकरी करणारी. पाण्याच्या नव्या टाकीची जागा मंजूर झाली होती, ती मावशींच्या वाडीला जवळ आणि रेखाच्या वस्तीला लांब पडत होती.

रेखा आल्या आल्या सुरू झाली. "मावशी, आमच्या बायांनी हंडे घेऊन चढ चढायचा व्हय? का सदस्य झाल्यावर चढ दिसायचा बंद झाला?"

मावशींचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळून बोल. माझ्या वयाचा तरी इचार कर."

"वयाचा इचार सनाला आल्यावर करीन. पाया पडीन. पर टाकीचं काय ते सांगा."

मावशींनी इंजिनिअरचं नाव सांगितलं, उताराचं कारण सांगितलं, वरून तसंच आलंय म्हणाल्या. ते शब्द तोंडातून गेले आणि त्या एकदम थांबल्या. रेखा आणि तिच्या बरोबरच्या बायका फणकाऱ्यानं निघून गेल्या. मावशी त्यांच्या वाटेकडं बघत बसल्या. मला वाटलं, दुखावल्या. मग त्या पुटपुटल्या, "लई बोलली." थोड्या वेळानं पुन्हा, "पर खोटं न्हाई बोलली." आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरत गेलं, की त्या निवडून आल्या त्या दिवशीसुद्धा मी ते पाहिलं नव्हतं. "पेपरवाले, ही पोरगी पुढच्या खेपंला मला पाडती बघा."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी काय करनार? भांडनार तिच्याशी. सुकासुकी कशी दीन जागा?" असं म्हणत त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि त्या अंगणाबाहेर पडल्या. "ए रेखे! थांब. तुझी वस्ती दाव मला. चढ किती हाय ते बघू दे."

रेखा वाटेत थांबली. मावशी तिथं पोचल्या आणि दोघींचं तिथंच पुन्हा जुंपलं. मी मोटरसायकल काढली. त्यांच्याजवळून जाताना म्हणालो, "मावशी, निघतो मी पुण्याला." त्यांनी माझ्याकडं न बघताच एक हात वर केला. दुसऱ्या हातानं त्या रेखाला काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि रेखा मान हलवत होती, की नाही, असं चालणार नाही. मी वळणावर पोचलो तेव्हा दोघी त्या चढाला लागल्या होत्या. पुढं रेखा, मागं मावशी. दोघींचे आवाज मला अजून ऐकू येत होते.